अमृतसरला राहिलेली अक्का आणि माझा रिपोर्ट

अमृतसरहून अटारीच्या सीमेकडची वाट निम्मी झाली होती, तेव्हा रतन बसच्या मागच्या सीटवरून उठून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "नाना, अक्का दखास नही."

मी मागे वळून पाहिलं. वेणूअक्कांच्या सीटवर कुणाच्या तरी दोन पिशव्या आणि एक शाल होती. अक्का नव्हत्या. बसमध्ये बेचाळीस प्रवासी असायला हवे होते. मोजले तर एक्केचाळीस भरले.

मी जळगावच्या एका यात्रा कंपनीत सव्वीस वर्षं टूर मॅनेजर होतो. टूर मॅनेजर म्हणजे झेंडा घेऊन पुढे चालणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं काम मोजायचं असतं. खोल्या, बॅगा, ताटं आणि सगळ्यात आधी माणसं. त्याला आम्ही हेडकाउंट म्हणतो. नियम साधा आहे. बस हलण्याआधी एकेका सीटपाशी जायचं आणि माणूस डोळ्यांनी पाहायचा. त्या दिवशी मी हेडकाउंट केला नव्हता.

का केला नाही, ते सांगतो. सुवर्णमंदिरात चपला-बूट बाहेर जोडाघरात ठेवावे लागतात. तिथे सेवा करणारी मंडळी हसतमुखानं तुमचे जोडे हातात घेतात आणि टोकन देतात. त्यात डॉक्टर असतात, व्यापारी असतात, आणि तुमच्या चपलेला हात लावायला कुणालाही कमीपणा वाटत नाही. पण बेचाळीस माणसांनी बेचाळीस टोकनं घेतली की पाच तरी हरवतात. म्हणून आम्ही खानदेशातले टूरवाले एक पोतं नेतो. सगळ्यांचे जोडे त्या एका पोत्यात आणि टोकनही एकच, मॅनेजरच्या खिशात. परतताना पोतं सोडवून घ्यायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं. लोक येतात, आपापले जोडे काढून घेतात. पोतं रिकामं झालं की माणसं पूर्ण झाली. इतकी वर्षं माझा हा हिशोब चुकला नव्हता.

वेणूअक्का धरणगावच्या. सत्तरीच्या, एकट्याच आलेल्या. त्यांच्या मुलाचं जळगावात कापडाचं दुकान आहे, त्यानंच त्यांचं बुकिंग केलं होतं. त्या सकाळी अक्कांनी चपला बसमध्येच सीटखाली ठेवल्या आणि पार्किंगपासून देवळापर्यंत अनवाणी चालत गेल्या. देवाच्या दारी जायचं तर रस्त्यापासूनच अनवाणी जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची चप्पल पोत्यात नव्हतीच. त्यामुळे त्या आत असतानाच पोतं रिकामं झालं. मी सगळ्यांना घाईनं जालियनवाला बागेत नेलं, अर्ध्या तासात तिथून बाहेर काढलं आणि बसमध्ये चढवलं. सीमेवरचा झेंडा उतरवण्याचा सोहळा पाहायला लवकर पोचलं नाही तर बसायला जागा मिळत नाही. घाई होती ती एवढ्यासाठी.

आता महत्त्वाची गोष्ट. रतन पावरा आमचा आचारी. सातपुड्याच्या पायथ्याचा, शिरपूरकडचा माणूस, तेव्हा चाळिशीचा. आमच्या प्रवाशांना पंजाबातही शेवभाजी आणि कळण्याची भाकरी लागायची, ती तो करून घालायचा. अमृतसर त्यानं पाहिलं नव्हतं म्हणून त्या दिवशी मी त्याला आमच्याबरोबर घेतलं होतं. पोतं भरत असताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "नाना, अक्कानी चप्पल गाडीमाच शे. ध्यान ठेवजा." मी हो म्हटलं होतं. त्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. टूरनंतर मी कंपनीला जो रिपोर्ट दिला, त्यात हे दोन्ही नाही.

बस मागे फिरवायला हवी होती. पण पुढच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते. एवढ्या लांब येऊन सोहळा चुकला तर पैसे परत मागू, असं एक जण बोलूनही गेला. मी बस फिरवली नाही. रतनला उतरवलं, रिक्षा करून दिली आणि परत पाठवलं. मी स्वतः एक्केचाळीस जणांबरोबर बसून जवानांचे पाय डोक्यापर्यंत जाताना पाहिले. टाळ्याही वाजवल्या.

रतनला धड हिंदी येत नव्हती. त्यानं परिक्रमेच्या चारी बाजू धुंडाळल्या, सरोवराच्या पायऱ्या पाहिल्या. भाले घेतलेल्या सेवादारांना हातवारे करून नऊवारीतली बाई समजावून सांगितली. शेवटी एकानं त्याला हाताला धरून लंगरच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे अक्का पंजाबी बायकांच्या घोळक्यात बसून पोळ्या लाटत होत्या. जेवायला बसल्या तेव्हा फुकट खाणं त्यांच्या मनाला पटलं नाही, म्हणून उठून कामाला लागल्या. रतननं विचारलं, अक्का, तुम्ही कुठे गेला होतात. तर म्हणाल्या, "मी कोठे गऊ? मी आठेच शे. गाडी गई."

संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या धर्मशाळेवर पोचलो तेव्हा दोघं ओट्यावर बसून प्रसाद खात होते. मी अक्कांच्या पाया पडलो. रतनचे आभार मात्र मानले नाहीत.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण कुणीतरी अक्कांच्या मुलाला फोन केला. आम्ही जळगावला उतरलो तेव्हा तो ऑफिसात येऊन बसला होता. माझी आई परक्या मुलुखात सोडून तुम्ही तमाशा पाहायला गेलात, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. तो गेल्यावर कंपनीच्या मालकांनी, शेठजींनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"नाना, रिपोर्टमध्ये एक नाव लागेल."

मी म्हणालो, "लागेल."

"तुमचं नको. पुढची चारधाम तुमच्या भरवशावर बुक झाली आहे."

त्यांनी पेन पुढे सरकवलं. पण लिहिलं मी. 'माणसं मोजण्याची जबाबदारी आचारी रतन पावरा यांच्याकडे दिली होती. त्यांच्या निष्काळजीपणामुळे वयस्क प्रवासी मागे राहिल्या.' खाली सही केली. ती माझी सही होती, शेठजींची नव्हे. इतकी वर्षं मी ते शेठजींच्या नावावर खपवत आलो.

रतनला त्याच दिवशी काढलं. आमचा धंदा लहान आहे, जळगाव-धुळ्यात कोण कुठून निघालं ते आठवड्यात सगळ्यांना कळतं. म्हातारी हरवणारा आचारी म्हणून त्याला पुन्हा कुणी यात्रेला नेलं नाही. तो गावी गेला. पावसावरची थोडी जमीन आणि आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाक, यावर त्यानं घर चालवलं. मी अजून आठ वर्षं झेंडा घेऊन फिरलो.

यंदा कंपनीची स्मरणिका निघाली. आता कारभार पाहणाऱ्या शेठजींच्या मुलानं मला लेख मागितला. विषयही दिला, 'हरवलेली अक्का नानांनी कशी शोधली'. ऑफिसात ती गोष्ट अशीच सांगितली जाते, हे मला तेव्हा कळलं. मी वर लिहिलं आहे तेवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचा फोन आला. नाना, एवढं मागचं कशाला, रिपोर्टाचा परिच्छेद तेवढा काढू, असं तो म्हणाला.

"काढ. मग माझं नाव आणि फोटोही काढ."

त्यानं लेखच काढला. म्हणून तो इथे देतो आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मला आता कुणी कामावरून काढू शकत नाही, आणि ज्यांना राग यायचा त्यांना खुशाल येऊ द्या.

लेख घेऊन मी रतनकडे गेलो. त्याच्या मुलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. तो खाली बघत ऐकत होता. मी माफी मागितली. ती दिली असं तो म्हणाला नाही. मी चहा संपवून उठलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "अक्काना पोऱ्याले सांगं का?"

अक्कांच्या मुलाला मी नव्हतं सांगितलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्या कापडाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईकं बसलेली होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. मुलानं हातातला कापडाचा तागा बाजूला ठेवला. मग म्हणाला, आई शेवटपर्यंत म्हणायची की त्या आचाऱ्याला काढलं ते चुकलं, त्यानंच मला शोधलं. आम्ही तिला म्हणायचो, तुला काय कळतं. त्यानं रतनचा नंबर मागून घेतला आणि माझ्यादेखत फोन लावला. माझ्याकडे पाठ करून तो त्याच्याशी बोलू लागला. मी निघालो.

रतनला त्याची ती वर्षं यातून परत मिळणार नाहीत. नवीन टूर मॅनेजरांना माझं एकच सांगणं आहे. रिपोर्टमध्ये ज्याचं नाव लिहाल, त्याला तो रिपोर्ट सही करण्याआधी वाचून दाखवा. रतनसमोर तो वाचणं माझ्यानं झालं नसतं, आणि मग सहीही झाली नसती, म्हणूनच सांगतो.