फोडणीच्या टायमाची गोळी

किरनापूरच्या अलीकडच्या एका गावात होता देवराम, त्याची पोरगी मोनी, शाळेतले एक गुरुजी, अन् त्याच शाळेत लेकराइचा भात शिजवणारी मी, देवरामची माय. शाळेत गोळ्या वाटता वाटता इतके किस्से जमले का भाताच्या गंजात मावाचे नाही!

*

मोनीले मिरगीचे झटके येत. डॉक्टरनं बजावलं, दुपारची गोळी चुकवाची नाही.

देवराम म्हणे, "माय, शाळेत पडली तं? राहू दे घरीच."

गुरुजी म्हणे, "गोळी मी देऊ, अन् काही झालं तं? लिहून पाहिजे, जी."

मी म्हटलं, "लिहा तुमी, अंगठा माझा!"

तवापासून मोनी शाळेत, गोळी माझ्या कनवटीत.

*

मंगळवारी सगळ्याइलेच रक्तवाढीची गोळी. गुरुजी रजिस्टर भरून खुश, "शंभर टक्के!"

मी गंज धुवाले बोरिंगवर गेली, तं नालीत गुलाबी गोळ्याच गोळ्या! पोट्टे जिभेखाली दाबून तिथं येऊन थुकत.

मी तिथूनच हाक मारली, "गुरुजी, लेकराइचं माहीत नाही, पर नालीले आता रक्ताची कमी नाही!"

*

जंताच्या गोळीच्या दिवशी गावातल्या बाया दारात उभ्या. "आधी गुरुजीनं खाऊन दाखवावं!"

गुरुजीनं तिसरीसमोर खाल्ली. चौथीवाले अडून बसले, "आमच्यासमोर कुठी खाल्ली?"

आता माणसानं किती गोळ्या खावाच्या? मी हळूच त्याइच्या हातात बत्तासा ठेवला. गुरुजीनं कडकड चावला.

मांगून एक पोट्टा वरडला, "गुरुजीची गोळी एवढी मोठी काहून? आमालेही तसलीच पाहिजे!"

*

मले घड्याळ समजत नाही. वरणाले फोडणी बसली का मोनीची गोळी, असा माझा कायदा.

एक दिवस शाळेत खीर-पुरी होती. मी पुऱ्या तळण्यात गुंग. लेकरं जेवाले बसली. मोनी चुलीपाशी येऊन म्हणे, "आजी, आज फोडणी नाही, तं मी पडू का?"

माझ्या हातचा झाराच पडला! तसीच गोळी काढली, पाणी देलं, अन् शाळा सुटेपर्यंत तिच्या वर्गाच्या दारातून हलली नाही.

दुसऱ्या खेपेले खीर-पुरी आली. गुरुजी म्हणे, "आजी, आज वरण काहून?"

"वाटीभरच हाय, जी. फोडणीपुरतं!"

*

तीन वर्सं झटका नाही. डॉक्टरनं गोळी कमी कमी करत आणली. परवा देवराम, मोनी अन् मी, तिघंही बालाघाटले गेलतो. डॉक्टरनं कागद पाह्यले अन् म्हटलं, "आजपासून बंद! पोरगी बरी झाली. आता खेळू द्या, पोहू द्या, झाडावर चढू द्या."

देवरामच्या डोळ्याले पाणी. तरी हात जोडून म्हणे, "बाकी सारं करू देऊ, साहेब, पर झाडावर नको. शाळेतली जांभूळ लय उंच हाय."

मोनी म्हणे, "नाही बाबा, एवढी उंच नाही. वरच्या फांदीवरून आपल्या घराचे कवेलू दिसते."