बाराशे वॉट-तास

मोजल्याशिवाय मला चैन पडत नसे. देवळाली कॅम्पात तेव्हा रोज दोनदा भारनियमन, आणि लेकीचा दमा काही त्याचं वेळापत्रक बघून उसळत नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. ‘शक्ती गुणिले वेळ म्हणजे ऊर्जा’ हे मुलांकडून घोकून घेताना डोक्यात घरचा इन्व्हर्टर फिरायचा. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तास, म्हणजे बाराशे वॉट-तास. औषधाची वाफ देणारं नेब्युलायझर दीडशे वॉटचं. पाव तास लावलं तरी चाळीससुद्धा जात नाहीत. घाबरायचं कारणच नव्हतं. तरी मी घाबरायचेच.

सासऱ्यांची उभी हयात फिटर म्हणून गेलेली. खंडेनवमीला यंत्र पूजायचं, राबवायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या वर्षी शिलाई मशीन, मिक्सर यांच्या जोडीला नवा इन्व्हर्टर आला. दुपारी एकला त्यांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि भिंतीवरचं त्याचं बटण बंद केलं.

सातला वीज गेली. लेकीला धाप लागली होती. नेब्युलायझर अर्धं मिनिट घरघरलं आणि सगळं घर काळोखात गेलं. चाचपडत बटणापाशी गेले, तेव्हा उलगडा झाला. बटण बंद झाल्यावर इन्व्हर्टरला वाटलं वीजच गेली; बंद झालं होतं ते फक्त चार्जिंग. दोन पंखे आणि ट्यूब दुपारपासून बॅटरीवरच चालू होते. एकशे नव्वद वॉट, सहा तास, अकराशे चाळीस. कागदावर अजून साठ उरत होते, बॅटरीत काहीच नव्हतं. पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि मी गुणाकार करत होते, याची अजून लाज वाटते.

“बाबा, कुणाला विचारून बंद केलंत?” मी शेजाऱ्यांदेखत ओरडले.

त्यांनी स्कूटर काढली. बाजारातल्या डॉक्टरांकडे जनरेटर होता. वीस मिनिटांत पोरीचा श्वास सुरळीत झाला. घरी आल्यावर नवऱ्यानेही वडिलांनाच फैलावर घेतलं.

दसऱ्याला सोनं देऊन त्यांच्या पाया पडले आणि वाकल्यावाकल्याच आठवलं. आदल्या दुपारी मी सहामाहीचे पेपर तपासत असताना त्यांनी दारातून विचारलं होतं, “सूनबाई, आज इन्व्हर्टरचं बटण बंद ठेवू ना?” आणि मान वर न करता मी म्हणाले होते, “ठेवा.”

त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही. ते जाईपर्यंत आमच्या घरात ती चूक त्यांचीच होती.