पडद्याकडे पाठ करून बसणारे चाचा

पडदाचाचा गावोगाव सिनेमे दाखवायचे, पण स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायचे. चंद्रपुरात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सवड मिळाली की प्रोजेक्टर स्कूटरला बांधून निघायचे आणि जुने, परदेशी, काळेपांढरे सिनेमे लावायचे. गोष्ट आमच्या बोलीत सांगायचे, डोळे मात्र आमच्या चेहऱ्यांवर. एकदा मी विचारलं, "आमच्या तोंडाकडे काय पाह्यता?"

"शिनेमा मले पाठ आहे, शेठ. कोण उठून जाते अन् कोण बसून राह्यते, ते पाह्यतो."

'शेठ' हा टोमणा होता. मी मार्कंडा गावचा ढिवर, जातीचा मासेमार. वैनगंगेच्या काठावर टोपलीत झिंगे विकून सुरुवात केली, आज माझ्या गाड्या नागपूरला मासळी नेतात. हे मला कुणी दिलेलं नाही. धंद्यात एक शिकलो. समोरचा 'इतकंच आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या मुठीत आणखी काही असतंच. आपण आधी उठायचं, तो मागून हाक मारतो.

एका महाशिवरात्रीला जत्रा उठल्यावर चाचांनी आमच्या गावात पडदा लावला. आधीच्या पावसाळ्यात माझी बायको गेली होती. तिच्यासाठी मी देवळात डोकं आपटलं होतं. सिनेमा समुद्राकाठच्या एका पाद्र्याचा. त्याची मुलगी तापाने फणफणलेली. तो प्रार्थना करतो, देव बोलत नाही, मुलगी मरते. तो तिचे डोळे मिटतो, बाहेर जातो आणि रोजच्या वेळेला रोजची घंटा वाजवतो. संपलं.

कुणीच उठेना. आमच्या गावाची कथाच अशी, की पिंडीला मिठी मारलेल्या पोराला न्यायला आलेला यम इथून हात हलवत परतला. मेलेली पोरगी मेलेलीच राहील, हे कुणाच्या मनातच आलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "चाचा, दुसरा पेनड्राइव लावा ना. पोरीले उठू द्या, मंग जातो."

"नाई बाई. इतकाच आहे."

माझं डोकं फिरलं. मी त्यांची कॉलर धरली. "पुढचं दाबून ठेवता काऊन? तो घंटा वाजवते म्हणजे देव आहे का नाई?"

"मले काय मालूम, शेठ? मी नमाज पढतो अन् उठताना दरवेळी वाटते, ऐकलं का कोणी?"

"मंग पढता काऊन?"

"वेळ होते म्हणून."

हे काय उत्तर झालं? त्यानंतर भेटलो की मी उरलेला सिनेमा मागायचो, ते हसायचे.

मागच्या हिवाळ्यात ते दवाखान्यात होते. मला पाहून म्हणाले, "तुमच्या गावातून यम वापस गेला होता ना? माह्यासाठी सौदा करून पाहा."

"करतो. आधी पुढचं दाखवा."

"इतकाच आहे, शेठ."

दोन दिवसांनी कबरस्तानात मीही मूठभर माती दिली. लोक पांगले. त्यांचा मुलगा म्हणाला, "चला काका. झालं."

माझी तक्रार अजून आहे. खोटं का होईना, पुढचं काहीतरी सांगायचं होतं त्यांनी.

"तू हो पुढे," मी म्हणालो आणि तिथेच बसून राहिलो. तोंड त्यांच्या कबरीकडे केलं, त्यांना दिसावं म्हणून.