घरी बसलेलं भजन

आबांना माझं नाव आठवेनासं झालं होतं, पण माझी आई कुठं आहे, हे ते रोज विचारत. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो आणि दर वेळी ते नव्यानं ऊर बडवून घ्यायचे. शेवटी मी आणि बायकोनं ठरवलं, हे पुन्हा सांगायचं नाही. "आई मळ्यात गेल्यात," असं ती म्हणायची आणि आबा शांत व्हायचे.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आबांनी पहाटे म्हशींच्या धारा काढून कोडोलीच्या डेअरीत दूध घातलं, म्हणून मी कोल्हापुरात शिकलो. दिवसभर राबून रात्री ते देवळात भजनाला बसत. ओळखीचं गाणं कानावर पडलं तर त्यांचं मन जरा थाऱ्यावर येईल, असं डॉक्टर म्हणाले. मोबाइलवरची भजनं आबा ऐकेनात. तेव्हा एका रविवारी मी गावच्या भजनी मंडळालाच आमच्या कोल्हापुरातल्या फ्लॅटवर बोलावलं.

चार म्हातारे हॉलमध्ये सतरंजीवर बसले. आबांच्या जुन्या जोडीदारानं त्यांच्या हातात टाळ दिले.

"वळखलंस का गड्या?"

"तुला कोन वळखत न्हाय? आवाज फाटका, पण पुढं बसायची हौस लई!"

सगळे खो खो हसले. आबा एवढं सलग बोलल्याला कित्येक महिने झाले होते. पखवाजावर थाप पडली आणि ते डोळे मिटून गाऊ लागले. एक शब्द चुकला नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती.

दुसरा अभंग संपला तसे आबांनी टाळ मांडीवर ठेवले. सतरंजीकडं पाहिलं, मंडळींकडं पाहिलं.

"कोन गेलं रं?"

आमच्या गावात भजन देवळात होतं. मंडळ कुणाच्या घरी येऊन बसतं, ते मयत झाल्यावर. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्या चौघांनाही. ध्यानात मात्र कुणाच्याच आलं नव्हतं.

"कोन न्हाय आबा, सहज आल्यात," मी म्हणालो.

"सहज भजन बसतंय व्हय?" त्यांनी मला न्याहाळलं, दारातल्या सुनेला न्याहाळलं. "कारभारीण कुठं हाय?"

"मळ्यात..." बायको पुटपुटली.

"घरात भजन बसलंय, नि ती मळ्यात?"

जोडीदारानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गेली रं, गड्या."

मी धावत जवळ गेलो. पण आबांनी ऊर बडवला नाही. टाळ पुन्हा हातात घेतले.

"मग थांबलासा का? म्हना की."

मंडळींनी पुढचा अभंग उचलला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ताल चुकत नव्हता.

सकाळी त्यांना भजन आठवत नव्हतं, मंडळी आल्याचंही नाही. चहा समोर ठेवून ते नुसते बसले होते. मी विचारलं, "आबा, काय होतंय?"

"काय ठावं, बाबा," ते म्हणाले. "लई वाईट वाटाय लागलंय."