शुक्र्या तांडेलाची गोष्ट कुणी रचली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात दोनदा तोंड उघडलं होतं, पण दोन्ही वेळा औषधाची वेळ झाली म्हणून उठलो. औषधाची वेळ झालेली नव्हती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? बहुतेक नाही.

कुठून सुरुवात करू? खोडाळ्यापासून करतो.

मी बाविसाव्या वर्षी जव्हार संस्थानात, खोडाळ्याच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. आमचं घर खाली किनाऱ्यावर, संस्थानाच्या हद्दीबाहेर. वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे सुकाणू आणि खलाशी दोन्ही त्यांच्या हाताखाली. मला समुद्र लागायचा—उलट्या व्हायच्या—म्हणून मी मास्तर झालो. शाळा म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि गवताचं छप्पर. भात-नागलीची कामं निघाली की पोरं येत नसत. मग मी एकटा, आणि आठ-आठ दिवसांनी येणारं वर्तमानपत्र. त्यात एकदा वाचलं की विलायतेकडे कुणी माणूस यंत्रात बसून उडाला. मला काय झालं कोण जाणे, मी वही काढली आणि गोष्ट लिहायला लागलो.

गोष्ट आकाशातल्या लढाईची होती. ताऱ्यांवर एका सम्राटाचं राज्य. लहान ताऱ्यांनी आपला उजेड घागरीत भरून द्यायचा आणि सम्राटाच्या तारवांनी तो राजधानीला वाहून न्यायचा. आकाशात चालणारी तारवं—वडिलांच्या गलबतासारखीच, फक्त शिडात वाऱ्याऐवजी उजेड भरायचा. अशा एका तारवाचा तांडेल शुक्रसेन. एके दिवशी तो एका ताऱ्यावरची शेवटची घागर उचलतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो तारा विझतो. तो सुकाणू फिरवतो. घागर परत नेऊन देतो. तिथून तो बंडखोर. मग कृत्तिकांच्या दाटीत शिरून आरमाराला चकवणं, चंद्राच्या पाठीमागे दबा धरून बसणं, फाटलं शीड उडता उडता शिवणं, एकेक सोबती गमावणं. पानंच्या पानं लिहीत होतो. ज्याला होडीत बसलं तरी भोवळ यायची तो मी—कागदावर काय शूर होतो!

नवसू शाळेचं छप्पर शाकारायला आला होता. सूर्यमाळच्या अंगाला त्याचा पाडा, तीन कोसांवर. चाळिशीचा, डावखुरा, गवताची पेंढी बांधताना जीभ बाहेर काढायची सवय. मी खाली बसून पोरांना गोष्ट वाचून दाखवत होतो. वरचा आवाज थांबला. मान वर केली तर छपराच्या भोकातून त्याचा चेहरा.

“मास्तर, त्याला भूक नांय लागं?”

“कुणाला?”

“तुझ्या त्या तांडेलाला. तीन दिस जाले, उडतोच हाय.”

त्यांच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना ‘तू’च. मी हसलो, पण बघितलं तर खरंच होतं. माझा शुक्रसेन काही खात नव्हता. नवसूनं त्याला नागलीची भाकर बांधून दिली. बायको दिली. ‘शुक्रसेन’ त्याच्या तोंडात बसेना, म्हणाला, शुक्रवारी जन्मला असंल, शुक्र्या म्हणू. एका दिवसाचं छपराचं काम त्यानं चार दिवस पुरवलं. काम संपल्यावरही बाजारच्या दिवशी यायचा, दारात उकिडवा बसायचा आणि विचारायचा—पुढं? मी वाचायचो. आणि मग तो खोडाळ्याच्या बाजारात, भर दुपारी, ताऱ्यांची गोष्ट सांगायचा. लोक ओझी उतरवून ऐकायचे. मी लांबून बघायचो. खोटं कशाला बोलू? अंगावर मूठभर मांस चढायचं. थोडा जळायचोही. माझ्या वहीत शुक्र्या बोलायचा पुस्तकासारखा. नवसूच्या तोंडी तो शेजारच्या पाड्यावरचा वाटायचा.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. म्हणून इथपर्यंतच किती वेळ लावला, पाहिलंत ना?

त्या वर्षी वैशाखात वरचे एक अंमलदार सूर्यमाळला मुक्कामाला आले. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांचा हिशोब इथं मांडायचा नाही. डोंगरावर तंबू पडले आणि पाड्यावरच्या माणसांना वेठीला बोलावलं. वेठ म्हणजे फुकटची राबणूक. दरीतल्या झऱ्यावरून तंबूसाठी पाणी वर आणायचं होतं—माणसांना, घोड्यांना, अंघोळीला. वैशाखात तो झरा वाटीवाटीनं सुटतो. बाया पहाटेपासून रांग लावतात तेव्हा दुपारी एक हंडा भरतो. दोन दिवस त्यांनी पाणी वाहिलं. तिसऱ्या दिवशी बारा-पंधरा माणसं झऱ्याजवळ बसून राहिली. शिपाई ओरडला तर कुणीतरी म्हणालं, “शुक्र्या नांय वाहत.” आणि सगळे हसले.

हसले हेच वाईट झालं. नुसते नाही म्हणाले असते तर चार शिव्या आणि दोन काठ्यांवर भागलं असतं. हा शुक्र्या कोण, याची चौकशी सुरू झाली. नवसूचं नाव निघालं.

मला बोलावलं ते जबाब लिहायला. त्यांचा कारकून हिवतापानं पडला होता आणि आसपास लिहिता येणारा मी एकटा. बोलावणं आलं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. तीन कोस चढून गेलो, तर तंबूपुढे आंब्याच्या सावलीत नवसू उभा. हात मागे बांधलेले. मला बघून त्याचा चेहरा उजळला. मास्तर आला—आता सगळं नीट होईल, असा.

साहेबांनी मला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. त्याच झऱ्याचं पाणी. मी प्यालो. मग विचारलं, “मास्तर, तुम्ही या लोकांत राहता. ही बंडाची गोष्ट रचली कुणी?”

वही माझ्या ट्रंकेत होती. पहिल्या पानावर माझं नाव, वळणदार अक्षरात. काय म्हणायला हवं होतं? एवढंच की साहेब, ती माझी आहे, कल्पनेची आहे, यात बंड वगैरे काही नाही. नोकरी गेली असती. कदाचित चार दिवस कोठडी. शिकलेल्या माणसाला त्याहून जास्त काही झालं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, “यांच्यातच चालतात अशा गोष्टी. हाच सांगतो बाजारात.”

नवसू दहा पावलांवर होता. त्यानं ऐकलं. त्याला वाटलं असावं, मास्तरच्या डोक्यात काहीतरी युक्ती असेल.

पण मी तुम्हाला सांगायला बसलो ते हे नाही. भीतीनं माणूस एक वाक्य बोलून जातो. मी पुढे लिहिलं. शांतपणे लिहिलं. साहेब सांगत गेले आणि मी त्यात शुद्धलेखनाची काळजी घेतली—सदर इसमाने स्वतः गोष्ट रचून लोकांस सरकारकाम न करण्याविषयी चिथावले, व ते त्यास कबूल आहे. मग नवसूचे हात सोडले आणि मी शाईची डबी घेऊन त्याच्याजवळ गेलो.

“काय लिवलास, मास्तर?” त्यानं हळूच विचारलं.

मी म्हणालो, “काही नाही. तुझं नाव आणि गाव. लाव अंगठा.”

त्यानं लावला. डावा लावायचा असतो, आणि तो डावखुरा, म्हणून अगदी सफाईनं लावला. वर म्हणाला, “बरा उठला ना?”

त्याला जव्हारला नेलं. पावसाळाभर तो कोठडीत होता. त्याची नागली लावायची राहिली. नंतर त्याला संस्थानाच्या हद्दीबाहेर घालवलं—परत यायचं नाही, आला तर पुन्हा कोठडी. कुठे गेला कुणाला कळलं नाही. त्याची बायको चैती बाजारच्या दिवशी शाळेत यायची. कधी रानभाजी, कधी करवंदं आणायची. तिच्या लेखी मी नवऱ्याचा दोस्त होतो. “मास्तर, त्याचा कायी कळला?” मी म्हणायचो, नाही. तेव्हा ते खरं होतं.

दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो होतो. गावाबाहेर मिठागर आहे. तिथून जाताना मिठाच्या ढिगावर एक माणूस डाव्या हातानं फावडं चालवत होता. जीभ बाहेर काढून. मी तसाच निघून गेलो असतो, पण त्यानं हाक मारली.

पाय भेगाळले होते. तरी तो हसला. शाळेचं छप्पर गळतं का, विचारलं. मग फावड्याला टेकून म्हणाला, “कोठडीत एक बामन होता. त्यानं मना तो कागुद सांगला, काय लिवलेला ता.”

मी खाली बघत राहिलो.

“तू भ्यालास, ता मना तवाच कळला. भ्या सगल्यांना लागं. पन मना वाचता नांय येत, ता तुला ठावं होता.”

एवढंच. आवाजही चढला नाही. मी माफी मागितली का? नाही. तोच म्हणाला, “चैतीला सांग, मी हितं हाय. तिला हद्दीतून भायेर यायला कोन आडवनार नांय. ती येल.”

मी म्हणालो, सांगतो. शपथ घेऊन म्हणालो.

आता ऐका. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी मी सूर्यमाळच्या वाटेला लागलो. खरंच सांगायला निघालो होतो. चढावर चैतीच समोरून आली, डोक्यावर लाकडाची मोळी. थांबली. मोळी न उतरवताच विचारलं, “मास्तर, त्याचा कायी कळला?”

तिला सांगितलं तर ती जाणार. गेली की तो तिला कागदाचं सांगणार. मग ती हे बाजारात सांगेल, पाड्यावर सांगेल, आणि पोरं माझ्याकडे बघतील तेव्हा त्यांना ते ठाऊक असेल. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात नीट, ओळीनं आलं. घाबरून नाही. विचार करून.

मी म्हणालो, “नाही.”

ती बरं म्हणाली आणि उतरून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात धीर करून मिठागरावर गेलो. नवसू आदल्या पावसाळ्यातच तापानं गेला होता. बरोबरचे मजूर म्हणाले, शेवटपर्यंत वाटेकडे बघायचा, कुणी बाई येताना दिसली की उठून बसायचा. ते शुक्र्याची गोष्टही सांगत होते. म्हणाले, नवसूनं रचलेली आहे. मी हो म्हणालो.

चैतीला मी हेही सांगितलं नाही. तो गेला हेदेखील नाही. मी त्यानंतर नऊ वर्षं खोडाळ्यात होतो आणि ती बाजारच्या दिवशी येत राहिली. तिनं दुसरं घर केलं नाही. वही मी कधीच चुलीत घातली होती. शेवटी शेवटी तिनं विचारणंही सोडलं. दारात उभी राहायची, माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायचो—नाही.