अक्कांचं ताट आणि केळ्याचे मफिन

डॉक्टरांनी कागद वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला सिलिॲक डिसीज आहे." सोलापूरच्या दवाखान्यातली ती लहानशी खोली. एका बाजूला माझे मालक, दुसऱ्या बाजूला मुलगी प्राजक्ता. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

सिलिॲक म्हणजे काय ते त्यांनी सोपं करून सांगितलं. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट अंश असतो. मळलेली कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळं. माझ्या शरीराला तो वैऱ्यासारखा वाटतो आणि त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच आतड्याला जखमा करून घेतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, बिस्किट, सगळं कायमचं बंद.

"सणासुदीला थोडं चालंल की," मालक म्हणाले.

"चिमूटभरसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मी मनात भलतंच धरून आले होते. पोळी सोडून माणूस जगणार असेल तर पोळी गेली तरी चालेल, असं वाटलं.

माझा आजार जुना होता, फक्त त्याला नाव नव्हतं. पोट फुगायचं, सारखं परसाकडं लागायचं, पायात गोळे यायचे. जिना चढला की दम लागायचा. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल अंश, कधी वर यायचाच नाही. जवळच्या मुरुम गावातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. घरच्यांनी ताकद यावी म्हणून गव्हाची खीर, चहात बुडवून बिस्किटं, वरून तुपाचा शिरा दिला. सगळ्यांचा जीव होता माझ्यावर, आणि त्या मायेनंच आतडं सोलवटत होतं. हे कळल्यावर प्राजक्ताला हसू आलं आणि तिला बघून मलाही.

शेवटी मुरुमच्याच डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं. तिथं आधी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी झाली. शरीर गव्हाशी किती लढतंय, ते तिच्यातून कळतं. मग एंडोस्कोपी केली. म्हणजे दुर्बीण लावलेली बारीक नळी तोंडातून पोटात घालतात. घशात औषध मारतात, त्यामुळं दुखत नाही, ओकारी मात्र येते. नळीतूनच आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. मी एवढी घाबरले होते की सिस्टरबाईंनी नाव विचारलं तर तेही प्राजक्तानं सांगितलं. घरात एकाला हा आजार निघाला की मुलांचंही रक्त तपासतात. प्राजक्ताचं चांगलं निघालं.

घरी आल्यावर वाटलं, आपल्याकडं काय अवघड आहे. आपण ज्वारीची माणसं. गिरणीत ज्वारीची चक्की वेगळीच आहे. डबाबंद हिंगातही गव्हाचं पीठ असतं, हे प्राजक्तानं शोधून काढलं, म्हणून हिंगही बंद केला. मी निवांत झाले.

पण पुढच्या तपासणीत टीटीजीचा आकडा होता तिथंच होता. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला.

"गहू कुठून तरी पोटात जातोय. घरात बाकीचे पोळी खातात का? तुमचं ताट वेगळं असतं ना?"

मी खाली बघितलं. प्राजक्ता म्हणाली, "आई आणि मोठ्या आई एकाच ताटात जेवतात."

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा इतकी बुजरी होते की दुसरी भाकरी मागायची नाही, अर्धपोटी उठायची. अक्कांच्या ते ध्यानात आलं. एके दिवशी त्यांनी माझा हात धरून आपल्या ताटावर बसवलं. तेव्हापासून आम्ही एकाच ताटात जेवत आलो. अक्कांचे दात दुखतात म्हणून त्या चपाती खातात. त्यांची चपाती आणि माझी भाकरी एकाच कालवणात बुडायची. तोच गहू माझ्या पोटात जात होता.

डॉक्टर रागावले नाहीत. "आतडं भरून यायचं असेल तर ताट वेगळं करा. नाहीतर पुढं हाडं ठिसूळ होतील, अशक्तपणा जाणार नाही," एवढंच म्हणाले.

परत येताना गाडीत मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी पोचेपर्यंत एकही धड जुळलं नाही. संध्याकाळी अक्कांनी ताट वाढून हाक मारली आणि मी काही न बोलता दुसरं ताट घेऊन भिंतीपाशी बसले.

अक्कांनी एकदा बघितलं. मग शेजारच्या काकू ताक मागायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ताटं येगळी झाली व्हय? आता चुली कवा येगळ्या करताव?" आमच्याकडं जावा-जावांची ताटं वेगळी झाली की लोक वाटणीचा हिशोब मांडतात. दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात आले की अक्का जेवण उरकून उठलेल्या असायच्या.

माझं पोट बरं व्हायला लागलं आणि घास मात्र गोड लागेना. अक्का तुटल्या तर मी बरी होऊन करू काय, असं वाटायचं. मालक म्हणाले, मी सांगतो. मी नको म्हटलं. हे माझ्याच तोंडून जायला हवं होतं, आणि तेच होत नव्हतं.

तेवढ्यात प्राजक्तानं मोबाईलवर केळ्याचे मफिन बघितले. मफिन म्हणजे वाटीत भाजलेला छोटा केक. मुरुमच्या बाजारातून आणलेली केळी घरात काळी पडत होती. आम्ही ज्वारीचं पीठ, थोडी तांदळाची पिठी, गूळ, दही, तेल आणि खायचा सोडा घेतला. कढईत मीठ पसरून तापवलं आणि स्टीलच्या वाट्यांत पीठ भाजायला ठेवलं.

पहिल्या खेपेला जे निघालं ते जमिनीवर पडलं तर टण्ण वाजलं. माझा धाकटा दीर, राजू, एक हातात घेऊन म्हणाला, "वैनी, ह्याच्यानं कवठं पडतील झाडाची."

ज्वारीला चिकटपणा नसतो. भाकरीला आपण गरम पाणी घालतो, तसंच निम्मं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून ठेवलं. केळी जास्त कुस्करली, आच बारीक केली. या वेळी मफिन फुगले, वर तडे गेले आणि घरभर गुळाचा वास सुटला.

अक्का बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. मी चार मफिन एका ताटलीत घेतले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. ताटली आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"अक्का, ह्यात गहू न्हाय. आपल्या दोघींना एकात खाता येतंय."

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "म्हंजी?"

मग मी सांगितलं. चपातीचा बारीक कण कालवणात पडतो, तेवढ्यानंही आतडं सोलवटतं, रिपोर्ट तसाच आला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या हाताला वास मारतोय."

"न्हाय हो अक्का."

"तोंड कशाला दिलंय तुला देवानं? नुसतं ओवी गायला? मी चपातीच सोडली असती की."

"तुमचे दात दुखतेत."

"दात दुखतेत तर भाकरी दुधात कुस्करते. जावेपरीस दात मोठे हायत का?" मग त्यांनी एक मफिन मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "गूळ कमी घातलास. दातांना बराय मात्र."

त्या रात्रीपासून आमच्या घरात संध्याकाळी फक्त ज्वारी. सकाळी पोळ्या होतात, पण त्यांचं पोळपाट-लाटणं आणि तवा वेगळा, आणि त्या अक्का करतात. मला कणकेला हात लावू देत नाहीत. शेजारच्या काकूंनाही त्यांनी घरी बोलावून मफिन खाऊ घातले आणि वर विचारलं, "आता सांगा, कुनाची चूल येगळी झाली?"

पुढच्या खेपेला टीटीजी उतरला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. हिमोग्लोबिन वर आलं. डॉक्टर म्हणाले, "आतडं भरून येतंय. काय बदल केलात?" मी म्हणाले, "घरातल्यांनी केला." हे वाक्य मी स्वतः बोलले. प्राजक्ता माझ्याकडं बघतच राहिली.

कुणाच्या घरी हा आजार निघाला तर एवढंच सांगते. पथ्य एकट्यानं पाळता येत नाही. काय चालत नाही आणि का, हे घरात पहिल्याच दिवशी बोलून टाका. माझ्यासारखं भिंतीपाशी जाऊन बसू नका.

मागच्या महिन्यात उमरग्याला पुतणीचं लग्न होतं. अक्का आणि मी पंगतीत शेजारी बसलो. वाढपी पुऱ्यांची टोपली घेऊन आला आणि माझ्या ताटाकडं हात नेला. अक्का माझ्यासाठी बोलायला तोंड उघडत होत्या, पण त्याआधी मीच म्हणाले, "दादा, मला गहू चालत न्हाय. पुरी ठेवू नका, भात वाढा."

समोरच्या ओळीतल्या दोन-तीन बायकांनी मान वर करून बघितलं. मला लाज वाटली, पण मी तोंड फिरवलं नाही. अक्कांनी पिशवीतून डबा काढला, एक मफिन मला दिला, एक स्वतःच्या ताटात ठेवला आणि वाढप्याला म्हणाल्या, "मला बी पुरी नगं."