तापल्या वावरावरचं विमान

माझे यजमान अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचे. दोन वर्षं खपून त्यांनी रेडिओवर चालणारं एक लहानसं विमान बनवलं होतं. हातातल्या डब्याचं बटण दाबलं की विमान वळायचं, तेवढाच त्यांचा त्याच्यावर ताबा. सकाळी वारा पडलेला असताना ते गावाबाहेर जाऊन ते उडवायचे.

साठ सालानंतरच्या एका चैत्रात मोर्शीहून माझे बाबा आले. जावई खेळण्यांत वेळ घालवतो, असं ते चारचौघांत म्हणायचे. दुपारच्या एसटीनं ते परतणार होते, म्हणून मी हट्ट धरला, "आताच दाखवा ना त्याईले."

"जमीन तापली आहे. हवा उसळून राहिली," यजमान म्हणाले.

"तुमाले काही ना काही कारण सापडतेच," मी बाबांसमोर बोलून गेले. यजमानांनी विमान उचललं आणि आम्ही तिघं गावाबाहेर गेलो.

नांगरलेल्या काळ्या वावरावर येताच विमान एकदम वर फेकलं गेलं आणि एका पंखावर कलंडलं. यजमान बटण दाबून ते वळवायचे, वारा पुन्हा उलथवायचा. शेवटी नाकावर आपटून त्याचे तुकडे झाले.

"चाला, माही गाडी सुटन," बाबा म्हणाले.

तुकडे वेचताना मला रडू आलं. यजमान म्हणाले, "वाराच तसा होता. तुही काय चूक?"

त्यांनी पुन्हा विमान बनवलं नाही. मी विषय काढला की "पाहू" म्हणायचे. ते गेले. चूक माझीच होती, हे त्यांच्याजवळ बोलायचं राहूनच गेलं.